एक दुपार तुझी, एक माझी

मतदानाला मी अजून घाटकोपरलाच जाते. राहते बोरिवलीला, देवीपाड्याच्या बाजूला, पण यादीतलं नाव बदलून घ्यायचं राहिलं आणि मग मी ते राहूच दिलं. माझी मुलगी केतकी बंगळूरहून फोनवर म्हणते, "आई, ऑनलाइन होतं गं ते आता, दहा मिनिटांचं काम आहे." मी "हो, करू" म्हणते आणि विषय बदलते. पंतनगरला जायला मला काहीतरी कारण लागतं. उगाच गेलं तर उगाच गेल्यासारखं वाटतं.

या वेळीही गेले. एक मेट्रो सोडून दुसरी धरली, घाटकोपरला उतरले, महापालिकेच्या त्याच शाळेत, बुटक्या बाकांच्या वर्गात जाऊन मत दिलं. बोटावरची शाई वाळेपर्यंत पाय आपोआप आमच्या गल्लीत वळले होते. आमची जुनी बिल्डिंग जिथे होती तिथे आता टॉवर आहे. खाली गाड्यांचे मजले, त्यांच्यावर माणसांचे. बदामाचं झाड मात्र ठेवलंय, त्याच्या बुंध्याभोवती सिमेंटचा ओटा बांधलाय. मी त्या ओट्यावर हात टेकून उभी राहिले, तर वॉचमन पुढे आला.

"किधर जाना है, आंटी?"

"किधर नहीं," म्हटलं. तोही बिचारा मग तिथेच घुटमळत राहिला. मी वर पाहत होते. आमचा दुसरा मजला जिथे असायला हवा होता, तिथे एक पांढरी गाडी उभी होती.

त्या दुसऱ्या मजल्यावर आमचं दार आणि विशाखाचं दार समोरासमोर होतं. मधे पॅसेज, एक बाई पाय पसरून गहू निवडायला बसली तर दुसरीला तिला ओलांडून जावं लागेल एवढा. सकाळी सगळी दारं उघडायची ती दिवेलागणीनंतरच बंद व्हायची. कुणाच्या घरी कसली फोडणी बसली ते आधी नाकाला कळायचं. आमच्याकडे खोबरं आणि तिरफळं. तिच्याकडे तिळाचं तेल, भाजलेली हिरवी मिरची, लसूण. विशाखा वाशीमकडची. डी. एड. झालेली, शाळेत लागायची वाट पाहत घरी बसलेली. तिचा नवरा शिफ्टच्या नोकरीवर, त्यामुळे कधी दिवसा घरी झोपलेला, कधी दोन दोन दिवस नजरेला न पडणारा. मुलगा राहुल, आमच्या केतकीहून थोडाच मोठा.

आमच्या घरात माझे सासरे असत, आण्णा. गिरणीत साचेवाले होते, कापडाचे माग चालवायचे. गिरणी बंद पडली तेव्हापासून बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर ट्रान्झिस्टर उशाशी घेऊन बसलेले. साच्याच्या आवाजानं कान गेलेले, म्हणून ट्रान्झिस्टर सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा. हे सकाळी ऑफिसला जायचे, संध्याकाळी यायचे. मधला सगळा दिवस मी, केतकी, आण्णा आणि बातम्या.

लग्नाआधी माझ्या कविता दोन-तीन दिवाळी अंकांत आल्या होत्या. केतकी झाल्यावर कागद पेन घेऊन बसणं संपलं. ओळी यायच्या, पण त्या हात ओले असताना यायच्या. मी त्या तोंडात धरून ठेवायचे. भांडी घासून होईपर्यंत टिकल्या तर टिकल्या. एका सकाळी पॅसेजमधे अशीच गहू निवडत, ओठांतल्या ओठांत एक ओळ घोळवत बसले होते. विशाखा धुण्याची बादली घेऊन आली आणि माझ्या पायांशी थांबली.

"काय पुटपुटू राहिली वं? मंत्र?"

"नाही गं. कविता."

"कोणाची?"

"माझीच."

तिनं बादली खाली ठेवली. मला वाटलं, आता हसेल. ती म्हणाली, "मंग म्हण की. मी पन करतो. पन माह्या कविता गळ्यातल्या, कागदावरच्या नाईत." तिचे वडील गावात गायन पार्टीत होते, रात्ररात्र गायचे, आणि ती त्यांच्या मांडीवर ताल ऐकत वाढली होती. माझी अर्धवट ओळ ऐकून झाल्यावर तिनं तिथेच, ओल्या हातानं मांडीवर ठेका धरून तिची म्हटली.

लेकरू निजलं, दार लावलं,
भांडं नाही वाजवलं;
तेवढ्यात एक ओळ आली,
तिनंच त्याला जागवलं.

माझ्या सुपातले गहू तसेच राहिले. मला कुणीतरी नावानं हाक मारल्यासारखं झालं. इतक्या दिवसांत "काय करतेस?" असं सगळे विचारत, आणि मी "काही नाही" म्हणत असे. इथे एक बाई धुण्याची बादली घेऊन आली होती आणि मी काय करते ते तिला न सांगता ठाऊक होतं.

मग आमचं ठरलं. कुणी ठरवलं ते आठवत नाही, बहुतेक तिनंच. ठरवण्याची सवय तिची. एक दुपार तिची, एक दुपार माझी. जिची दुपार असेल तिनं विशाखाच्या घरात जाऊन दार लावून बसायचं. दुसरीनं दोन्ही मुलांना घेऊन आमच्या घरात, आण्णांच्या देखरेखीखाली. तिचा नवरा दिवसा घरी झोपला असेल त्या दुपारी मात्र सुट्टी. दिवसभर उघड्या दारांच्या त्या मजल्यावर बंद दार हीच खूण होती. शेजारच्या बायकांना आधी वाटलं आमचं काहीतरी बिनसलंय.

तिच्या स्वयंपाकघरात खिडकीशी एक लोखंडी टेबल होतं. त्यावर डबे असत. ते बाजूला सरकवून मी बसायचे. फडताळात बुद्धाची छोटी मूर्ती, पुढे अर्धी जळलेली उदबत्ती. भिंतीवर निळ्या कोटातला, चष्म्यातला फोटो. जवसाच्या चटणीचा खमंग, किंचित कडवट वास त्या टेबलाला मुरला होता. पहिल्या दुपारी मी काहीच लिहिलं नाही. त्या शांततेचाच दचका बसला. नळ टपकत होता, खालून भंगारवाल्याची आरोळी येत होती, बदामाच्या झाडावर कावळे. हे सगळं रोजच असणार, पण मला ते पहिल्यांदा ऐकू येत होतं. दुसऱ्या खेपेला दोन ओळी झाल्या. नंतर नंतर टेबलाशी बसलं की ओळी येऊन थांबलेल्याच असायच्या. आजही कुठे जवस भाजल्याचा वास आला की माझी उजव्या हाताची बोटं जवळ येतात.

मुलं मधेच यायची. दाराच्या फटीला तोंड लावून केतकी ओरडायची, "आई, झाली का?" अगदी त्याच सुरात, ज्या सुरात आम्ही त्यांना मोरीत बसवून बाहेरून विचारायचो. मग राहुल विचारायचा, "मावशी, झाली का?" आणि आमच्या घरातून विशाखा येऊन, "या रे इकडे, तिची अजून व्हायची आहे," असं म्हणून दोघांना उचलून न्यायची. मला पॅसेजभर तिचं हसू ऐकू यायचं.

आण्णा आधी कुरकुरले. दोन मुलांचा गोंधळ म्हणजे बातम्या ऐकू येईनात. मग कधीतरी त्यांनी ट्रान्झिस्टर बंद करून मुलांना गोष्टी सांगायला सुरुवात केली. गावची, पाणंदीतली, भुताखेतांची. राहुल वाशीमचा, पण मालवणी शिकला तो त्यांच्याकडून. एकदा संध्याकाळी मी चहा दिला तेव्हा आण्णांनी विचारलं, "आज किती ओळी झाल्यो गो?" गिरणीत कापड जसं वारावर मोजत तसं. मी म्हटलं, "चार." त्यांनी मान हलवली. "बऱ्यो झाल्यो. माका तुमच्या कविता कळणत नाय, पण पोरां हसतत ता बरां वाटता." त्यानंतर माझ्या दुपारी त्यांनी दुपारचा चहासुद्धा मागितला नाही.

असं किती काळ चाललं? दोन पावसाळे आणि मधला उन्हाळा असावा. त्या काळाचे दिवस मला आठवत नाहीत, दुपारी आठवतात. गॅलरीत वाळत घातलेल्या कुरडयांवर कावळे येऊ नयेत म्हणून राहुल काठी घेऊन बसलाय. केतकी विशाखाच्या मांडीवर झोपलीय आणि विशाखा तिच्या पाठीवर थापटत स्वतःचीच एखादी ओळ जुळवतेय. विशाखाची दुपार संपली की ती दार उघडून बाहेर यायची ती एकदम मोठ्यानं म्हणतच यायची. लिहिलेला कागद हातात असायचा, पण ती त्याच्याकडे बघायची नाही. मी मात्र कागदातून डोकं वर काढायचे नाही. ती चिडायची. "कागदाले काहून वाचून दाखवतेस? मी समोर उभी आहो ना!"

त्या दुसऱ्या वर्षी पार्ल्याच्या एका वाचनालयात बायकांचं कवी संमेलन होतं. आम्ही दोघींनी कविता पाठवल्या होत्या आणि दोघींना बोलावणं आलं. आठ दिवस पॅसेजमधे दुसरा विषय नव्हता. कुठली साडी, कुठली कविता, मुलांना कुणाकडे ठेवायचं. आण्णा म्हणाले, "पोरां माझ्याकडे रवतीत, तुमी दोघां जावा." आणि आदल्या दिवशी राहुलच्या पाठीवर पहिला फोड दिसला. संध्याकाळपर्यंत केतकीच्या पोटावर. कांजिण्या.

दोघींपैकी एकीलाच जाता येणार होतं. तापानं फणफणलेली, खाजवणारी दोन मुलं म्हाताऱ्या माणसावर टाकून जाणं शक्य नव्हतं. आम्ही पॅसेजमधे उभ्या राहिलो. दोघीही एकमेकींकडे पाहत नव्हतो. मग मी म्हटलं, "तू जा. तू पाठ म्हणतेस. मी तिथे कागदात बघून पुटपुटणार, मागच्या रांगेला काही कळायचं नाही."

"तुही कविता?"

"तूच म्हण माझी पण."

तिनं माझा कागद मागून घेतला. मग घरात गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी निळ्या काठाची पांढरी साडी नेसून, केसांना तेल लावून निघाली. जिन्याच्या वळणावरून तिनं वर बघितलं. मी दोन्ही हातांत कडुनिंबाच्या डहाळ्या घेऊन उभी होते.

मुलांना मी एकाच गादीवर पाला पसरून झोपवलं. दोघांचे हात धरून बसले, एक माझ्या डाव्या हातात, एक उजव्या. खाजवू नये म्हणून. कडुनिंबाचा तो कडू हिरवा वास, तापलेल्या अंगांचा वास, आणि समोर भिंतीवरचं घड्याळ. तेव्हा मेट्रो-बिट्रो नव्हती; आता ती बस बदलत बदलत पोचली असेल. आता नावं पुकारत असतील. मला हेवा वाटला. खोटं कशाला सांगू, चांगलाच वाटला. तेवढ्यात राहुल आईसाठी रडायला लागला. काय करावं सुचेना, तेव्हा मी त्याला तिचीच कविता म्हटली, 'लेकरू निजलं, दार लावलं', तिच्यासारखाच ठेका, पण पायानं धरून. तो ऐकत ऐकत झोपला. मग केतकीही. माझे दोन्ही हात तसेच अडकलेले राहिले, आणि आण्णा खाटेवर बसून दोन्ही मुलांना वर्तमानपत्रानं वारा घालत होते.

ती आली तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. चपला वाजल्या तशी मी दारात गेले.

"झाली?"

"दोघींची झाली," ती म्हणाली. "माही म्हणली आणि लगेच तुही सुरू केली. तर त्या नावं पुकारणाऱ्या बाई घंटी वाजवू राहिल्या. म्हणे एकीला एकच कविता. मी म्हणलं, ही माही नाई. जिची आहे ती घरी माह्या पोराले कडुनिंबाचा पाला लावत बसली आहे. मी म्हणल्याशिवाय खाली उतरत नाई."

"मग?"

"मग काय! सगळ्या हासल्या आधी. मंग चूप बसल्या. मंग टाळ्या."

"कशा टाळ्या? माझ्या कवितेला कशा वाजल्या?"

तिनं पर्स पायांशी ठेवली, पदर खोचला, आणि त्या पॅसेजमधे उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. दोन्ही हातांनी, जोरजोरात, सभागृहात जितकी माणसं असतील तितक्यांनी वाजवल्यासारख्या. वरच्या खालच्या मजल्यांवरची माणसं जिन्यात आली. आतून आण्णा ओरडले, "काय झाला गो?"

"तुमची सून पार्ल्याले गाजली, आण्णा!" विशाखा म्हणाली आणि वाजवतच राहिली. मी तिचे हात धरले तेव्हा थांबली. तळवे लाल झाले होते. त्यानंतर माझं एक पातळसं पुस्तक निघालं, त्याचं प्रकाशनही झालं, भाषणं झाली. पण टाळ्या म्हटलं की मला त्याच आठवतात.

मुलांच्या अंगावरचे डाग पुरते गेले नव्हते तेव्हा तिला नोकरीचं पत्र आलं. तिच्याच जिल्ह्यात, एका गावच्या शाळेत. ती राहुलला घेऊन पुढे जाणार, नवरा बदली मागून मागाहून. ती आनंदात होती आणि मीही तिच्यासाठी पुरणपोळ्या केल्या. एकमेकींना आम्ही काही वेगळं बोललो नाही. कवितेतल्या सगळ्या गोष्टी बोलणाऱ्या आम्ही, हे एक कुणी काढलं नाही.

त्यांची गाडी संध्याकाळची होती. त्या दिवशी दुपारी मी तिला मदत करायला गेले, तर तिनं मला टेबलापाशी नेलं. डबे बांधून झाले होते, टेबल मोकळं होतं.

"आज तुही पाळी आहे. बस."

"अगं, आज कसली पाळी? सामान..."

"सामान झालं. मी पोरांजवळ बसतो. बस म्हणलं ना."

तिनं बाहेरून दार ओढून घेतलं. घरात गाठोडी होती, गुंडाळलेल्या गाद्या, दोरी बांधलेली ट्रंक. भिंतीवर फोटो काढल्याची चौकोनी खूण. मी टेबलाशी बसले, पेन उघडलं. काही येईना. केतकी त्या आठवड्यात कान दुखून रात्रभर रडत होती, मला कितीतरी रात्रींची झोप नव्हती. मी थोडी पाठ टेकावी म्हणून उघड्या फरशीवर आडवी झाले, हाताची उशी करून.

जाग आली तेव्हा खिडकीतला उजेड गेला होता. माझ्या अंगावर तिची ओढणी होती. विशाखा शेजारी, भिंतीला टेकून, पाय पसरून बसली होती. किती वेळ बसली होती कोण जाणे. बाहेर तिचा नवरा आणि दोन-तीन जण सामान उतरवत होते, हळू, पाय न वाजवता.

"मला उठवायचं नाही का गं!" मी रडकुंडीला आले. "तुझी शेवटची दुपार, आणि मी झोपून राहिले. आपण काही बोललोसुद्धा नाही."

"लई थकली होतीस," ती म्हणाली. "मी तुह्याकडं पाहत बसली होती. झोपेत तुहे ओठ हालत होते."

मग ती उठली, ओढणी घडी करून खांद्यावर टाकली, राहुलला कडेवर घेतलं आणि जिना उतरली. त्या घरात नंतर एक कुटुंब आलं. भली माणसं होती. टीव्हीचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दार लावून घ्यायची.

पुढचं सगळं कसं कसं झालं त्याची कारणं सांगण्यासारखी नाहीत. आण्णा गेले. केतकी शाळेत गेली, मग कॉलेजला, मग लांब. बिल्डिंग पाडली, आम्ही बोरिवलीला आलो, आणि तीन वर्षांपूर्वी हेही गेले. आता माझ्याकडे दुपारीच दुपारी आहेत. कुणी दार ठोठावत नाही. टेबलही आहे, चांगलं रुंद, केतकीनं मागवून दिलेलं. मी त्याच्याशी बसते, बिलं भरते, औषधांच्या पट्ट्या तपासते. वर्षाकाठी दोन-तीन कविता होतात. त्या कुणाला म्हणून दाखवायच्या, हे कळत नाही. दिवाळीला आणि एप्रिलमधे जयंतीला विशाखाचे आणि माझे मेसेज येतात-जातात. दिव्यांची चित्रं, फुलांची चित्रं.

घाटकोपरहून घरी आले, चपला काढल्या आणि त्याच पावली तिला फोन लावला. बऱ्याच रिंगा गेल्या.

"कोण वं? तू? काय झालं?" आवाज जाड झाला होता. पाठीमागे टीव्ही, कुणी मूल रडत होतं.

"काही नाही. पंतनगरला गेले होते."

"अगं माय!" मग थोडा वेळ आम्ही तब्येती सांगितल्या. ती मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली होती. गुडघे दुखत होते. राहुल पुण्याला, सून आणि नातू उन्हाळ्यापुरते तिच्याकडे.

"लिहितेस का गं?" मी विचारलं.

"मी? शाळेसाठी लिहिलं ना. स्वागतगीत, निरोपगीत, झाडाचं गाणं. चाली माह्याच. आता सगळ्या तालुक्यात म्हणतात पोरं. कोणी लिहिलं ते कोणाले माहीत नाई." ती हसली. त्या हसण्यात दुःख होतं का ते मला फोनवरून ओळखू आलं नाही. पूर्वी आलं असतं. "आणि तू?"

"होतं कधी कधी. मागच्या आठवड्यात एक झाली."

"मंग म्हण."

"आत्ता? फोनवर?"

"थांब, अंगणात येतो. घरात गलका हाय." दार उघडल्याचा आवाज आला, मग मोकळी हवा, कोंबड्या, लांब कुठेतरी सायकलची घंटी. "म्हण आता. कागद घेऊ नको."

कागद आतल्या खोलीत होता. मी डोळे मिटले. ती कविता एका माणसाच्या स्वयंपाकाची आहे. एवढीशी भाजी, तिच्यात मीठ किती घालायचं ते हाताला अजून समजत नाही, त्याबद्दलची. पहिलं कडवं अडखळत झालं. दुसऱ्याला आवाज सापडला. मी म्हणत गेले आणि मला माझ्याच ओळी दुसऱ्या कुणाच्या असाव्यात तशा स्वच्छ ऐकू येत गेल्या. शेवटच्या कडव्याआधी श्वास घ्यायला थांबले, तेव्हा लक्षात आलं की कोंबड्यांचा आवाज येत नाहीये.

फोन कानावरून काढून बघितला. कट झाला होता. कधी, कुठल्या ओळीवर, कळायला मार्ग नव्हता. परत लावला. संपर्क होऊ शकत नाही, असं ती यंत्रातली बाई सांगत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मी फोन टेबलावर पालथा ठेवला.

शेवटचं कडवं तोंडात तसंच होतं. ते मी म्हटलं. घरात कुणी नव्हतं, म्हणून जरा मोठ्यानं म्हटलं.